झाडाच्या पायाखालचं शेत

गोव्यात सांत इस्तेवच्या बाजूला, खाजनाच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या भातजमिनीच्या) कडेला, एक तरुण फोटोग्राफर संध्याकाळी सामान आवरत होता. सूर्य बुडाला होता, त्याच्या लेखी काम झालं होतं. मानशीकडून (बांधातल्या पाणदाराकडून) परतणारे एक वयस्कर शेतकरी कुतूहलाने थांबले, तेव्हा त्यानं मोठ्या आनंदानं कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. चित्र देखणं होतं. केशरी आभाळ, तांबडा गोळा आणि त्यावर सावरीच्या झाडाची काळीभोर आकृती. काकांनी ते निरखून पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "झाड बरें दिसता. पूण शेत खंय आसा?" तो म्हणाला, "काका, सूर्य समोर असला की जमीन काळीच येते." उत्तर चुकीचं नव्हतं. पण प्रश्न मात्र मनात रुतून बसला. चित्राचा खालचा तिसरा हिस्सा नुसता काळा होता, आणि त्या काळ्यात एका माणसाचं अख्खं वर्ष होतं.

शेतातलं झाड आपोआप एकटं राहत नाही. गोव्याच्या पावसात मोकळी जमीन मोकळी राहूच शकत नाही. मोरडीतलं (उंचावरच्या जमिनीतलं) शेत दोन-तीन पावसाळे नांगराविना गेलं की रानमोडी (एक माजणारं तण) पुरुषभर उंच होते आणि तिच्या आडोशानं झुडपं डोकं काढतात. खाजनाचं तर आणखी नाजूक. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. नदीकाठचा बांध आणि मानशीची लाकडी दारं यांच्या भरवशावर तिथे भात पिकतं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती चढली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं. बांधाला भगदाड पडलं, किंवा मासळीच्या लोभानं मानस नको तेव्हा उघडी राहिली, की खारं पाणी आत शिरतं, भात जातं, लव्हाळे येतात, त्यांच्यामागून खारफुटी येते. मग ते झाड गर्दीत हरवून जातं. ज्या एकटेपणासाठी आपण गाडी थांबवतो, तो एकटेपणा कोणीतरी दरवर्षी चिखल उपसून आणि मेरा (शेतामधले लहान बांध) लिंपून राखलेला असतो. म्हणून एकट्या झाडाच्या फोटोत शेत दिसायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ते कसं दाखवायचं, हा खरा कारागिरीचा भाग.

आधी झाडाविषयी. काळ्या आकृतीत पानांचा रंग, सालीचा पोत, सगळं जातं. उरते ती फक्त बाह्यरेषा. त्यामुळे ज्या झाडाच्या फांद्यांमधून आभाळ दिसतं, तेच सूर्यासमोर उभं करण्याजोगं. सावर यात पहिली. तिच्या फांद्या खोडातून जवळजवळ आडव्या, थराथरानं फुटतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पान गळून नुसती फुलं उरतात. तेव्हा प्रत्येक फूल आभाळावर वेगळं उमटतं. डेरेदार आंबा समोरच्या उजेडात फसतो. त्याची पानं इतकी दाट की आकृतीचा काळा ढीग होतो; आंबा सूर्य पाठीशी घेऊन काढावा. वडाचं सौंदर्य पारंब्यांत असतं, म्हणून त्याच्या खोडाभोवती मोकळी जागा हवी. माड सगळ्यांना सोपा वाटतो, पण त्याची चुडतं (झावळ्या) वाऱ्यावर क्षणभरही स्थिर नसतात, त्यामुळे उजेड उतरल्यावर तो सगळ्यांत अवघड. (याच माडाला २०१६ साली वृक्षसंरक्षण कायद्याच्या कक्षेतून वगळलं होतं, आणि २०१७ साली राज्यवृक्षाचा मान दिला गेला. शेताच्या कडेच्या माडाकडे पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.) काही झाडं मात्र राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, असतात. बुंध्याशी नारळ, विडी, कधी रोट (जाड भाकरी) ठेवलेला दिसतो. ती झाडं कुऱ्हाडीतून वाचली ती याच श्रद्धेमुळे. चित्रात खुपतं म्हणून तिथलं काहीही हलवू नये, आणि बुंध्याजवळ जायचंच तर चपला बाहेर काढाव्यात.

झाडाच्या खाली भात नेहमी थोडं खुजं असतं. सावलीमुळे आणि मुळांच्या ओढीमुळे बुंध्याभोवती फिकट, विरळ रोपांचं एक कडं तयार होतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की ते स्पष्ट दिसतं. तेवढ्या पिकाचं नुकसान सोसून शेतकऱ्यानं झाड ठेवलं, कारण दुपारची पेज कुठेतरी सावलीत बसून प्यायची असते, बैल कुठेतरी बांधायचे असतात. हे कडं चित्रात आलं तर झाड आणि शेत यांचं नातं न सांगता कळतं.

आता सूर्य. पणजीच्या आसपास नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तो संध्याकाळी सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. वेळेपेक्षा दिशा महत्त्वाची. जूनमध्ये तो बरोबर पश्चिमेच्या सुमारे २४ अंश उत्तरेला बुडतो, डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. म्हणजे झाडापासून ५०० मीटरवर उभं राहून सूर्य झाडामागे हवा असेल, तर जून आणि डिसेंबरच्या जागांमध्ये सुमारे ४०० मीटरचं अंतर पडतं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये ही जागा रोज साडेतीन मीटरच्या आसपास सरकते; २१ जून आणि २१ डिसेंबरच्या सुमाराला मात्र आठवडाभर फारसा फरक पडत नाही. खाजनात पाय ठेवायला मेरा ठरावीकच असतात, म्हणून तारीख आधी ठरवून जागा शोधण्यापेक्षा चांगली मेर हेरून तिची तारीख शोधणं शहाणपणाचं. आणखी एक गोष्ट हमखास चुकते. सूर्य सरळ खाली उतरत नाही, उजवीकडे तिरका उतरतो. क्षितिजाच्या पाच अंश वर असताना तो मावळायच्या जागेच्या दीडेक अंश डावीकडे असतो, आणि त्याची स्वतःची रुंदी जेमतेम अर्धा अंश. त्यामुळे फांदीत बसवलेला सूर्य बघता बघता फांदी सोडून जातो. तो धरून ठेवायचा तर आपण डावीकडे सरकायचं, म्हणजे मेरेवर डावीकडे जागा शिल्लक ठेवूनच उभं राहायचं.

सूर्याचा गोळा मोठा हवा असेल तर लांब जावं लागतं, दुसरा उपाय नाही. हिशेब सोपा आहे: अंतराला साधारण १०८ ने भागा, तेवढ्या मापाची वस्तू त्या अंतरावरून सूर्याइतकी दिसते. पाच मीटर रुंद डेरा सूर्याएवढा दिसायला ५४० मीटर मागे जायला हवं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सूर्याची प्रतिमा लेन्सच्या मिलिमीटरला १०८-१०९ ने भागल्यावर येते तेवढी: ५० मिमीवर अर्धा मिलिमीटर, ४०० मिमीवर पावणेचारच्या जवळपास. मोबाइलवर काढलेल्या फोटोत सूर्य टाचणीच्या डोक्याएवढा का येतो, याचं उत्तर इथेच आहे. लांब लेन्स वापरताना डोळ्यांची काळजी घ्यावी. सूर्य वर असताना, त्याकडे बघून डोळे दिपत असताना, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून मोठ्या लेन्सने त्याच्याकडे कधीही पाहू नये; आणि लेन्स सूर्यावर रोखून ट्रायपॉडवर तशीच सोडून देऊ नये, आतले भाग जळतात. धुरकट थराखाली उतरून गोळा मऊ, तांबूस झाला की मगच.

वेळेचा अंदाज हातानं घेता येतो, पण पुस्तकी रीत इथे फसते. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये चार बोटं आडवी धरायची आणि तास उरला म्हणायचं, हे उत्तरेच्या देशांतलं गणित. आपल्याकडे सूर्य जवळजवळ उभा उतरतो, तासाला तेरा ते साडेचौदा अंश. चार बोटं म्हणजे इथे अर्धा तास. त्यातही पश्चिमेला माडांची रांग असेल तर चार-पाच मिनिटं आणखी कमी. आभाळ कसं रंगेल ते साडेचार-पाचलाच ओळखता येतं. वर पिंजल्यासारखे उंच, पांढरे ढग आणि खाली क्षितिजालगत मोकळा पट्टा, हे सगळ्यांत चांगलं लक्षण. सूर्य बुडाल्यावर त्या पट्ट्यातून खालून प्रकाश लागतो आणि उंच ढग पेटतात. क्षितिजावरच करडा ढगांचा बंधारा असेल तर रंगाची आशा सोडावी आणि झाडाच्या पाठीमागून येणाऱ्या बगळ्यांकडे वळावं. परतीच्या पावसाचे दिवस, म्हणजे ऑक्टोबर, रंगांसाठी मला सगळ्यांत जास्त भावतात. धूळ धुतलेली असते आणि ढग अजून शिल्लक असतात.

सूर्यासमोरच्या आकृतीसाठी मोजमाप सूर्यावरून घेऊ नये, झाडावरूनही नाही. सूर्याच्या शेजारचं, त्याच्यापासून थोडं हटून असलेलं आभाळ स्पॉट मीटरिंगनं (चित्रातल्या एका लहानशा ठिपक्याचाच उजेड मोजून) मोजावं आणि मॅन्युअलवर तेच कुलूपबंद करावं. आयएसओ १००, अपर्चर एफ/८ ते एफ/११, शटर १/१२५ ते १/५०० यांच्यात कुठेतरी. बगळ्यांचा थवा हवा असेल तर १/५०० पेक्षा हळू नको, पंखांचा फराटा होतो. ऑटो व्हाइट बॅलन्स केशरी रंगाला दोष समजून पुसून टाकतो. डेलाइट किंवा क्लाउडी लावावा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढावं. एक चूक जाणत्यांचीही होते. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, आणि घरी येऊन बघावं तर सूर्याभोवती सपाट पिवळा डाग. कारण एकत्रित हिस्टोग्राम आत असला तरी लाल रंगाचा आलेख बाहेर गेलेला असतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावून लाल आलेख उजव्या कडेला टेकत नाही ना, एवढं बघावं. फोकस आकाशाविरुद्ध चाचपडतो, म्हणून बुंध्याच्या काठावर, जिथे काळं आणि उजळ भेटतं, तिथे करून मग मॅन्युअलवर टाकावा. लेन्सवरचा फिल्टर काढावा, काच पुसावी. खाडीकाठच्या दमट हवेत तिच्यावर खारट चिकट थर बसतो आणि सूर्य समोर आला की सगळं चित्र दुधाळ होतं. सूर्याचे किरण ताऱ्यासारखे हवे असतील तर एफ/१६ आणि सूर्य खोडाआडून किंचित डोकावणारा. आणि वाकावं. उभ्या उंचीवरून झाडाचा खालचा भाग मागच्या टेकडीत किंवा माडांच्या रांगेत मिसळतो. गुडघ्यावर आलं की सगळा डेरा आभाळात येतो.

आणि मग सूर्य बुडतो, गाड्या निघून जातात.

शेताचं चित्र आता सुरू होतं. गोव्यात कातरवेळ आखूड, सूर्यास्तानंतर बावीस-तेवीस मिनिटांत तिचा पहिला आणि उजळ टप्पा संपतो. पण या वेळात एक फार मोठा बदल होतो. उजेड एका बिंदूतून यायचा थांबतो आणि अख्ख्या आभाळातून झिरपू लागतो. आभाळ आणि जमीन यांच्यातली तफावत कमी होते; मघाशी काळंठिक्कर असलेलं भात हळूहळू हिरवं दिसू लागतं, मेरांच्या रेषा उमटतात, पोयीतलं (खाजनातल्या मानशीजवळच्या तळ्यातलं) पाणी आभाळाचा रंग घेतं. सूर्यास्तानंतरची सातवी ते पंधरावी मिनिटं सगळ्यांत समृद्ध. आयएसओ १००, एफ/८ वर दहाव्या मिनिटाला शटर १/८ च्या आसपास येतो, विसाव्याला एका सेकंदाकडे, ढगांप्रमाणे कमी-जास्त. वाऱ्यात पानं हलतात, तेव्हा आयएसओ ४०० ते ८०० पर्यंत चढवायला संकोचू नये. थोडे दाणे परवडले, पण डेऱ्याचा धुरळा नको. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा अर्धा भाग काळसर असलेली काच) इथे वापरू नये: तो आभाळाबरोबर झाडाचा शेंडाही काळवंडतो. त्यापेक्षा दोन स्टॉपच्या (म्हणजे चौपट उजेडाच्या) अंतरानं दोन फोटो, एक आभाळासाठी, एक शेतासाठी, आणि जोडताना पानांच्या कडेला पांढरी झालर येत नाही ना हे शंभर टक्के मोठं करून तपासायचं. वारा असेल तर हा जोडकामाचा बेत सोडावा, एकाच रॉमधून जमिनीतला अंधार उचलावा.

मोबाइलवाल्यांनी निराश होऊ नये. कातरवेळेला मोबाइल उलट फार छान काम करतो. सूर्य असताना एचडीआर (उजेड-अंधाराची तफावत आपोआप कमी करणारी सोय) झाडाला राखाडी करून टाकतो, तो बंद करावा. पडद्यावर आभाळाला बोट लावून दाबून ठेवावं, एक्सपोजर कुलूपबंद झाला की खाली ओढावा. अतिरुंद लेन्स टाळावी, तिच्यात झाड इवलंसं होतं. दुप्पट-तिप्पटची लेन्स बरी. सूर्य गेला की एचडीआर परत चालू करावा, फोन कशाला तरी टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. खिशातल्या फोनची काच नेहमी तेलकट असते. सदऱ्याच्या टोकानं पुसली तरी निम्मा फरक पडतो.

ट्रायपॉड चिखलात हळूहळू खचतो, आणि ते डोळ्यांना कळत नाही. फोटो मोठा केल्यावर सगळंच दोनदा उमटलेलं दिसतं. प्रत्येक पायाखाली नारळाची करवंटी पालथी ठेवावी. ती पसरट असल्यानं रुतत नाही, शोधायला लांब जावं लागत नाही, आणि येताना उचलून आणली की झालं. मेरेच्या बाबतीत मात्र सांभाळून. पावसाच्या सुरुवातीला नुकती लिंपलेली मेर वरून घट्ट वाटते, पण मधोमध पाय पडला की कडेनं फुटते आणि एका कोपऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या शेतात जातं. "मेर मोडटली" असं कोणी ओरडलं तर तो राग साठ-सत्तर पावलांच्या मेहनतीचा असतो. कोणाचं शेत आहे ते विचारून घ्यावं, कुठून चालायचं तेही. तरव्याच्या (लावणीच्या रोपांच्या) वाफ्याजवळून तर जाऊच नये. संध्याकाळी मेरांवर उंदरांच्या मागावर घोणस आणि नाग येतात, त्यामुळे घोट्यावर येणारे बूट आणि हातात बॅटरी हवीच. पायाला जखम असेल तर शेतातल्या पाण्यात उतरू नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका पावसाळ्यात खरा आहे.

पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर त्याचा हंगाम फार थोडा असतो. चिखलणी झाल्यापासून रोप हातभर होईपर्यंत, म्हणजे जूनअखेर ते जुलै, आणि वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भातपिकाला) डिसेंबर-जानेवारीच्या आसपास. जुलैत आभाळ क्वचित उघडतं, पण उघडलं की त्या एका संध्याकाळची सर वर्षभरात कशाला नाही. वायंगणाच्या वेळी आभाळ हमखास मोकळं, वारा पडलेला, पाणी आरशासारखं स्थिर. माझी पसंती याच वेळेला. पोयीतली पातळी भरती-ओहोटीवर हलते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला संध्याकाळी साधारण ओहोटी असते, मानस उघडलेली असते आणि काठाचा चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास संध्याकाळकडे भरती येते, तेव्हा पोय भरलेली मिळते. एक मात्र करावं, चतुर्दशीला मावळतीकडे पाठ फिरवावी. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच पूर्वेला वर आलेला असतो आणि मावळतीचा शेवटचा उजेड झाडाच्या पश्चिम अंगावर पडलेला असतो. त्या वेळी आंब्याचा डेरा, सालीवरच्या भेगा, कापणीनंतरचे खुंट, सगळं तपशिलानं दिसतं, आणि सूर्य बुडाल्यावर क्षितिजालगत पृथ्वीच्या सावलीचा निळसर पट्टा वर वर चढतो. पश्चिमेकडे बघत बसलेल्यांना हे कधीच दिसत नाही.

छपाईबद्दल थोडं. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. त्यामुळे प्रिंट नेहमी अर्धा ते एक स्टॉप काळोखी उतरते, आणि सगळ्यांत आधी जातं ते शेत. छापण्याआधी जमिनीचा भाग वेगळा निवडून थोडा उचलावा, आभाळाला हात लावू नये. चकचकीत कागदापेक्षा मॅट बरा, भिंतीवर लावल्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येत नाही. ज्याच्या शेतात उभं राहून फोटो काढला त्याला एक प्रत द्यावी, कारण त्या झाडाचा फोटो त्याच्याकडे बहुधा नसतो.

पडीक पडलेल्या शेतातल्या झाडाचेही फोटो काढावेत, मन खट्टू झालं तरी. दरवर्षी तीच तारीख, तीच लेन्स, तीच जागा. मेर ढासळली तरी जागा सापडावी म्हणून जीपीएसची नोंद ठेवावी. लव्हाळे कधी आले, खारफुटी बुंध्यापर्यंत कधी पोचली, विजेचा खांब कुठल्या साली उभा राहिला, मुरमाचा पहिला ढिगारा कधी पडला, हे अशा फोटोंतून जितकं स्वच्छ कळतं तितकं बोलण्यातून कळत नाही. उलट दिशेनंही असंच. काही ठिकाणी गावानं बांध सावरून घेतलाय, मानशीला नवी दारं बसवलीत, आणि पड शेत पुन्हा लागवडीखाली येतंय. तिथलं मीठ पावसानं धुऊन निघायला वेळ लागतो, म्हणून आधी कोरगूटसारखं खारटपणा सोसणारं गावठी भात घेतात. ते उंच वाढतं आणि पिकताना आडवंही पडतं. अशा शेतात सप्टेंबरमध्ये गुडघ्याची उंची उपयोगाची नाही. ट्रायपॉड छातीइतका वर घ्यावा, नाहीतर भात झाडाचा अर्धा बुंधा झाकून टाकतं.